शाल आणि वाण

मैत्रिणींनो, संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं की आमच्या सोसायटीत यादी करायचं काम माझ्याकडे येतं. अक्षर बरं आहे आणि सगळ्यांची दारं पाठ आहेत, एवढंच त्यामागचं कारण. २०२५च्या जानेवारीतही मी अशीच पाठकोऱ्या कागदावर यादी केली. चौतीस घरं. वाण काय लुटायचं यावर नेहमीप्रमाणे तासभर खल झाला आणि शेवटी स्टीलच्या चहाच्या गाळण्या ठरल्या. कार्यक्रम छान झाला. तिळगूळसुद्धा कधी नव्हे तो मऊ झाला होता.

आठवड्याने २६ जानेवारी आला. झेंडावंदनाला पहिल्या ओळीतल्या मधल्या खुर्चीवर आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या तिला बसवलं. तिचे यजमान सैन्यात नाईक होते, सहा वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये गेले. सातारा जिल्ह्यातलं गाव सोडून दोन मुलांच्या शाळेसाठी ती पुण्यात, आमच्या विश्रांतवाडीत येऊन राहिली आहे. माइकवरून तिचं नाव 'वीरपत्नी' लावून पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या, आणि शाल-श्रीफळ द्यायला मला पुढे बोलावलं. शाल तिच्या खांद्यावर ठेवताना माझ्या लक्षात आलं की आठवड्यापूर्वीच्या माझ्या यादीत हे घर नव्हतं.

मी ते वगळलं म्हणावं तर तसंही नाही. कुणी मला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. हात आपोआप पुढच्या दारावर गेला होता. नाव लिहून खोडलं असतं, तर निदान खोडल्याची खूण तरी कागदावर राहिली असती.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. ती मुलांच्या गणवेशाच्या घड्या घालत होती. म्हटलं, "त्या दिवशी हळदीकुंकवाला तुला बोलवायचं राहिलंच बघ." 'राहिलंच' म्हटलं मी, पाहा! ती हसली. म्हणाली, "असू दे ताई. मला कुठं कोण बोलवतंय. शाली मात्र सतरा झाल्यात. चार सासूबाईंनी नेल्या गावाकडं, थंडीत बऱ्या पडतात. तुम्ही एकदा नुसता तिळगूळ घेऊन आला असता तरी बरं वाटलं असतं."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. तो असता, तर मला सोपं गेलं असतं.

मी काही मोठी कार्यकर्ती नाही. घर सांभाळून आमच्या महिला मंडळातर्फे बायकांचे अर्ज भरून देणं, त्यांच्याबरोबर कचेरीत जाणं, एवढंच माझं काम. पण विश्रांतवाडी, कळस, दिघी, खडकी हा सगळा लष्कराच्या आसपासचा भाग. त्यामुळे सैनिकांच्या घरच्या बायका सतत भेटतात. युद्ध म्हटलं की आपल्याला तोफा आणि बर्फ दिसतो. मला आता आधी कागद दिसतात.

एका बाईची गोष्ट सांगते. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस. माहेरची एक, सासरची दुसरी. जवान सुट्टीवर आला, लग्न करून गेला, आणि लष्कराच्या दप्तरात बायकोचं नाव नोंदवताना त्याने सासरचं नाव दिलं. या नोंदीला तिकडे 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. बाईचं आधार कार्ड, बँकेचं खातं, शाळेचा दाखला मात्र माहेरच्या नावाने. नवरा असेपर्यंत काहीच अडलं नाही. तो गेल्यावर पेन्शनच्या कागदावरची बाई आणि समोर उभी असलेली बाई एकच आहे, हे सिद्ध करायला तिला प्रतिज्ञापत्रं, राजपत्रातली नोंद, सरपंचाचा दाखला असं सगळं गोळा करत किती महिने फिरावं लागलं! जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका भल्या माणसाने नीट वाट दाखवली म्हणून सुटली. तुमच्या घरात कुणी सैन्यात असेल, तर आज रात्रीच्या फोनवर एवढं विचारून घ्या की त्यांच्या दप्तरात तुमचं नाव काय लिहिलं आहे. अपशकुन वगैरे काही होत नाही.

१९९९ साली कारगिलचं युद्ध झालं तेव्हा मी कॉलेजात होते. आम्ही मुलींनी लक्ष्मी रस्त्यावर डबे फिरवून निधी गोळा केला होता. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार तिकडेच होत. घरी यायची तार, आणि मागाहून त्याची ट्रंक. कारगिलच्या वेळी मात्र तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगाव आल्या. ५२७ जवान गेले त्या युद्धात. अख्खी गावं रस्त्यावर लोटली, कमानी लागल्या. त्या कमानी उतरल्यावरच्या बातम्या मग बारीक अक्षरांत यायला लागल्या. पेट्रोल पंप कुणाच्या नावे, रक्कम कुणाच्या खात्यात, सून माहेरी निघून गेली तर म्हाताऱ्यांनी काय खायचं.

तिसऱ्या मजल्यावरचीने मला तिच्या गावातला तो दिवस एकदाच सांगितला. पुढच्या अंगणात पलटणीने बंदुकांची सलामी दिली. मंत्री आले होते, कलेक्टर होते. आणि त्याच वेळी चार बायकांनी तिला धरून मागच्या दारी नेलं आणि बांगड्या फोडल्या. "पुढं काय चाललंय ते मला दिसलंच नाही ताई," ती म्हणाली. "पेपरात फोटो आला तो बघितला नंतर."

तिच्याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. घराघरातून माणूस सैन्यात, म्हणून त्याचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी तिथे स्तंभ उभारला. शेहेचाळीस! त्या काळातलं गाव ते केवढं असणार? शंभरेक वर्षांपूर्वी एका गावातल्या इतक्या घरांत कुंकू पुसलं गेलं असेल, तर त्या वर्षांत तिथल्या पेरण्या कुणी केल्या, मुलं कुणी वाढवली, याचा स्तंभ कुठे असतो?

आता नियमांचं सांगते, कारण भेदभाव काही फक्त मागच्या अंगणात होत नाही, तो छापील कागदावरही असतो. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या पश्चात त्याच्या पत्नीला दरमहा भत्ता मिळतो. वर्षानुवर्षं या भत्त्याचा नियम असा होता की तिने पुन्हा लग्न केलं तर तो बंद. मात्र दिराशी लग्न केलं तर चालू! म्हणजे सरकारच्या लेखी ती बाई घरातच राहिली पाहिजे, नवरा बदलला तरी चालेल, उंबरा बदलता कामा नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही अट काढून टाकली. आता तिने कुणाशीही लग्न केलं तरी भत्ता तिच्या हयातीपर्यंत तिचाच.

मी हे वाचलं तेव्हा मला कॉलेजात इतिहासाच्या तासाला शिकलेला १८५६चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आठवला. केवढा सुधारणेचा कायदा म्हणून पाठ केला होता आम्ही! त्याच कायद्याचं दुसरं कलम असं होतं की पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला. एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने पायातल्या चपला काढून घ्यायच्या. १८५६ ते २०१७. मधल्या काळात याच पुण्यात कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं आणि त्यापायी मुरूडकरांचा बहिष्कार सोसला, हिंगण्याला विधवांसाठी आश्रम उभा राहिला, आणि आपण सगळ्या त्या शाळांमधून शिकून बाहेर पडलो.

दिराचा प्रश्न तिच्याही घरी निघाला होता. दीर तिच्याहून चार वर्षांनी लहान. भावाच्या मुलांना बाप मिळेल, पैसा घरातच राहील, असं चुलत सासऱ्यांनी बैठकीत मांडलं. त्या पोराचा चेहरा पांढरा पडला होता म्हणे. तिने 'नाही' म्हटलं आणि तिच्याआधी सासूबाईंनी. "एक लेक गेला, आता दुसऱ्याचा जन्म का नासवायचा?" हे त्या माउलीचं वाक्य.

म्हणून सासूला खलनायिका करायची आपली सवय मला आताशा पटत नाही. सासूचा मुलगा गेलेला असतो. म्हातारपणी ज्याच्यावर भिस्त होती तोच गेला, आणि कागदावर मात्र पहिलं नाव सुनेचं. सियाचीनमध्ये २०२३च्या जुलैत प्राण गमावलेल्या कॅप्टन अंशुमन सिंह यांचं कीर्तिचक्र जुलै २०२४ मध्ये त्यांच्या पत्नीने आणि आईने मिळून राष्ट्रपतींच्या हातून घेतलं, तो प्रसंग तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. पाठोपाठ आईवडिलांनी निकटच्या नातलगांविषयीचे नियम बदला अशी मागणी केली. दोन्हीकडे दुःख होतं, बोलून सोडवायचा प्रश्न होता. पण लोकांनी काय केलं? त्या तरुण मुलीच्या फोटोखाली इतक्या घाणेरड्या गोष्टी लिहिल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला पोलिसांत तक्रार द्यावी लागली. ती कशी दिसते, कशी हसते, पुन्हा लग्न करणार का, याचा हिशेब मांडणारे हे लोक कोण? त्यात बायकाही होत्या, हे विसरू नका.

आपल्याकडची वीरपत्नी अशी हवी असते, की ती रडावी पण फार नाही, खंबीर असावी पण पांढऱ्या साडीत. आणि तिने लेकाला पुन्हा सैन्यात पाठवीन असं म्हणावं. वार्ताहर हे वाक्य तिच्या तोंडून काढून घेतल्याशिवाय उठत नाहीत. तेराव्याच्या आत.

स्वाती महाडिक यांचं नाव आपण सगळ्या अभिमानाने घेतो. कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात १७ नोव्हेंबर २०१५ रोजी शहीद झाले. दोन मुलं पदरात असताना, वयाची सवलत मिळवून, चेन्नईच्या अकादमीतलं खडतर प्रशिक्षण पुरं करून त्या सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. महाराष्ट्रातल्या आणखीही काही तरुण वीरपत्नी त्याच वाटेने गेल्या. आणि आता तर आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणींची. त्यासाठीही सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली सांगावं लागलं की मुलींना परीक्षेला बसू द्या. मला या सगळ्याचं मनापासून कौतुक आहे. पण दहावी झालेल्या, चोविसाव्या वर्षी विधवा झालेल्या, पुण्यात एकटीने बँकेत जायला घाबरणाऱ्या मुलीला जो तो "त्या स्वातीताई बघ" म्हणतो, तेव्हा तिला किती ओझं होत असेल? तिला वर्दी घालायची नाही हो. तिला शिवणाचं दुकान काढायचं आहे आणि त्यासाठी गाळा हवा आहे. एकट्या बाईला गाळा भाड्याने द्यायला मालक कुरकुरतो.

आणखी एक बाई आहे, तिला तर आपण वीरपत्नीही म्हणत नाही. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ सालापासून. मणक्याला गोळी लागून किंवा अपघात होऊन कमरेखाली, मानेखाली लुळे झालेले जवान तिथे राहतात. चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. १९६५च्या युद्धात गोळ्या झेलून अपंग झालेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ साली जर्मनीत पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून आले, अपंगांच्या ऑलिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. हे सगळं आपण मुलांना सांगतो. पण अशा कित्येक घरांत एक बाई असते, जी पंचविसाव्या वर्षापासून नवऱ्याला कुशीवर वळवते आहे. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. तिच्या कपाळावर कुंकू आहे, तिला सगळ्या हळदीकुंकवांची बोलावणी येतात. तिला जायला वेळ नसतो.

हे मी लिहायचं ठरवलं होतं ते फेब्रुवारीतच, पण राहून गेलं. मग २२ एप्रिल २०२५ उजाडला. पहलगामला सुट्टीसाठी गेलेल्या कुटुंबांतले पुरुष निवडून मारले. २६ जण गेले. त्यांत महाराष्ट्रातले सहा, आपल्या पुण्याचे दोन. यात कुणी सीमेवर गेलेलं नव्हतं, युद्धच त्यांच्या सहलीत येऊन उभं राहिलं. ७ मे रोजी कारवाई झाली आणि तिला नाव दिलं गेलं 'ऑपरेशन सिंदूर'. त्याची माहिती द्यायला दोन स्त्री अधिकारी समोर आल्या. त्यातल्या कर्नल सोफिया कुरेशी यांनी २०१६ साली इथेच, पुण्यात, अठरा देशांच्या लष्करी सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व केलं होतं. आमच्या मंडळातल्या बायकांनी त्या संध्याकाळी देवळात पेढे वाटले. कपाळभर कुंकू लावून फोटो काढले. मीही होते फोटोत.

घरी आले आणि जिन्यात ती भेटली. भाजीची पिशवी घेऊन, मोकळ्या कपाळाने. आम्ही दोघीही काही बोललो नाही. पुसलेल्या कुंकवासाठी अख्खा देश पेटून उठतो, हे खरं. पण ते पुसतं कोण? ज्याने गोळी घातली त्याने माणूस मारला. कुंकू त्या मागच्या अंगणात पुसलं जातं, आणि ते हात आपले असतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुम्हाला आठवत असेल. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की गावात यापुढे विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. सुरगोंडा पाटील तेव्हा सरपंच होते. पंधरवड्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. किती गावांनी ठराव केले त्याच्या बातम्या नंतर येत राहिल्या. आमच्या सोसायटीत ठरावबिराव काही झाला नाही. आम्ही शहरातल्या ना, आम्हाला वाटतं आमच्याकडे असलं काही नसतंच.

यंदा जानेवारीत यादी करायच्या आधी मी तिच्याकडे गेले. म्हटलं, "या वेळी तुझं नाव पहिलं लिहिते." ती म्हणाली, "मी येत नाही ताई. सगळ्या माझ्याकडं बघत बसतील. त्यापेक्षा मीच करते, तुम्ही या." रथसप्तमीच्या आदल्या दिवशी तिने हळदीकुंकू ठेवलं. मंडईतून छत्तीस स्टीलच्या वाट्या आणल्या वाणाला. दोन्ही मुलांनी दारोदार जाऊन आमंत्रणं दिली.

तेरा जणी आल्या, मला धरून. तळमजल्यावरच्या आजी आल्या नाहीत, पण सुनेला पाठवलं, वर "तिच्या हातचं कुंकू लावून घेऊ नकोस" असंही सांगितलं. सुनेने ते मला आल्या आल्या कानात सांगितलं आणि मग स्वतःच जाऊन तिच्यापुढे कपाळ केलं. दोघीतिघींना फोन आले आणि लवकर उठावं लागलं. मी पंचपाळं तिच्यापुढे धरलं, तेव्हा तिची नजर आतल्या खोलीकडे गेली. सासूबाई गावाहून आल्या होत्या, आत पलंगावर बसून होत्या. "नको ताई," ती हळूच म्हणाली, "आज हळदच लावा." मी हळद लावली.

आठच्या सुमारास बायका पांगल्या. मी रिकाम्या कपबशा गोळा करत होते. सासूबाई बाहेर आल्या, खुर्चीवर टेकल्या, टोपलीतल्या वाट्यांकडे बघत राहिल्या.

"किती ऱ्हायल्या?"

"तेवीस," ती म्हणाली.

"ठिवून दे इथंच. उद्या सकाळी मी जाते दारोदार. म्हातारीला कोण न्हाई म्हणतंय बघू."